औंढ्याचा लायगो आणि कॉलेजातली काचेची पेटी

(हिंगोलीतल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, शिक्षक मित्रहो, पालकहो, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली बी.एस्सी.ची पोरं! पुढे या रे. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय, पण आता कुणी येत नाही. पत्रिकेवर माझा विषय 'येत्या वर्षातल्या विज्ञानसंधी' असा छापलाय. तिकडे जातोच, पण औंढ्यावरून जाऊ.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, येतोय हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटींवर शिक्कामोर्तब केलं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. आतली हवा काढून घेतलेली, टोकांना आरसे, मधून लेझर. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की त्यातून निघालेल्या गुरुत्वीय लहरींमुळं इथं या नळीची लांबी बदलते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. ते मोजायचंय. त्यामुळं जागा अशी हवी, की जिथं जमीन फारशी हलत नाही, रेल्वे लांब, कारखाने लांब, समुद्र तर त्याहून लांब. आपल्या भागात काहीच घडत नाही म्हणून आपण जन्मभर कुरकुरलो. बघा, नेमकं तेच कामाला आलं!

हसलात, म्हणजे जागे आहात. मग कावळ्यांची गोष्ट सांगतो. अमेरिकेत लायगोची दोन यंत्रं आहेत, एक हॅनफर्डला, एक लिव्हिंगस्टनला. २०१७च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या नोंदींमध्ये मधूनच विचित्र टकटक दिसायला लागली. कृष्णविवराची तर नव्हे. शोधलं तर काय, एका भुजेच्या टोकाशी थंडगार नायट्रोजनच्या नळीवर बर्फ साचायचं, आणि तहानलेले डोमकावळे येऊन ते टोचायचे. तिथल्या मायक्रोफोननं त्यांना पकडलं. मग नळीवर वेष्टण घातलं. आपल्याकडे कावळा शिवला की काम झालं म्हणतात, तिकडे कावळा शिवला आणि काम अडलं. दुधाळ्याला कावळ्यांची कमी नाही, तेव्हा इथल्या पक्षीनिरीक्षकालासुद्धा लायगोत काम निघेल, हे मी अर्धं गमतीनं म्हणतोय.

बाकीचं अर्धं गंभीरपणे. लायगोचा विषय निघाला की मला पहिला प्रश्न येतो, 'सर, तिकडं प्लॉटचा भाव काय चाललाय?' दुसरा येतो, 'वॉचमनच्या जागा कधी निघणार?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पोट सगळ्यांना आहे. पण निर्वात तंत्र, लेझर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकावर आकड्यांचा ढिगारा उपसणं, याची माणसं कुठून येणार, असं कुणी विचारत नाही. ती पुण्याहून, इंदूरहून, गांधीनगरहून येतील. या प्रकल्पातल्या संस्थाच तिथल्या आहेत. पण आपल्या पोराला त्या संस्थांत दोन महिने उन्हाळ्यात जाऊन काम शिकता येतं, हे त्याला वेळेवर कळत नाही. गुणांचा प्रश्न पुढचा. आमची पोरं तारखेवर मरतात.

एक प्रसंग सांगतो. कॉलेजचं नाव विचारू नका, समोर ओळखणारे बसलेत. उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचं पत्र कॉलेजला ऑक्टोबरात ई-मेलनं आलं. ऑफिसनं त्याची प्रिंट काढली, आवक क्रमांक टाकला, साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब विद्यापीठाच्या बैठकीला. परत आल्यावर त्यांनी शेरा मारला, 'सर्व संबंधितांना कळवावे.' आता संबंधित कोण? यावर ऑफिसात चर्चा झाली. कुणी म्हणालं परीक्षा विभाग, कुणी म्हणालं एनएसएस, कारण पत्रात 'समर' होतं आणि शिबिरं उन्हाळ्यातच होतात! तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर पत्र एकदाचं भौतिकशास्त्र विभागात पोचलं. विभागप्रमुखांनी 'पाहिले' लिहून सही केली आणि शिपाईमामांना सूचनाफलकावर लावायला सांगितलं. फलक म्हणजे काचेची पेटी, तिला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. शेवटी पत्र लागलं, तेही रक्तदान शिबिराच्या कागदाखाली अर्धं झाकून. एका मुलीनं मान वाकडी करून ते वाचलं आणि माझ्याकडे आली. मुदत संपून आठवडा उलटला होता. गंमत म्हणजे त्या पत्रावर पाच सह्या होत्या. म्हणजे पाच माणसांनी वाचलं होतं, आणि पाचही जणांनी आपलं काम चोख केलं होतं!

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. बरं. मग जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळत सांगतो, लिहून घ्या. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, महिना लक्षात ठेवा.

सप्टेंबर-ऑक्टोबर: एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं असेल तर जॅमचा अर्ज, परीक्षा फेब्रुवारीत. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर: बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी शिष्यवृत्ती, तीच ती पेटीतली. शिक्षकांनाही अर्ज करता येतो. शिक्षक मित्रहो, खाली बघू नका. नोव्हेंबर: अकरावी-बारावीच्या पोरांना ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा, पुढची निवड मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातून. हिवाळ्यात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचे उन्हाळी कार्यक्रम जाहीर होतात, त्यांची संकेतस्थळं डिसेंबरपासून आठवड्याला एकदा उघडून बघायची. विद्यापीठाची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहेच. शाळेतल्यांना इन्स्पायर मानक, कल्पना निवडली गेली तर दहा हजार रुपये. आणि २८ फेब्रुवारी, विज्ञानदिन: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, लोकांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूपांचं काम. एक बस काढा.

माझी मागणी एवढीच. जिल्ह्याचं एक विज्ञान-पंचांग करू. मराठीत, एका पानाचं, दर महिन्याचे अर्ज आणि लागणारी कागदपत्रं त्यात. प्रत्येक कॉलेजातला एक विद्यार्थी आणि एक शिक्षक जबाबदार, साहेबांच्या सहीची वाट न बघता. पान लावायचं कँटीनमध्ये चहाच्या काउंटरवर, कुलपाविना. बाहेर टेबलावर वही ठेवलीय, जाताना नाव-नंबर लिहा.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे संपलंच. एक राहिलं. बहुतेक अर्जांना शिफारसपत्र लागतं, ते आदल्या रात्री मागू नका, पंधरा दिवस आधी मागा, आणि ज्या सरांच्या प्रयोगशाळेत तुम्ही खरंच बसलात त्यांच्याकडेच मागा. आणि खोडदला गेलात तर मोबाईल बंद ठेवा. तिथं ऐकू येणाऱ्या आकाशगंगांपेक्षा तुमचा मोबाईल फार मोठ्यानं ओरडतो.