रुग्णासोबत कोणी जावे?

(सोलापुरातील एका ज्येष्ठ नागरिक मंडळात निवृत्त अधिपरिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'आपत्कालीन विभाग : ओळख आणि कार्यपद्धती' असा लिहिला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु नोकरीची बरीच वर्षे कॅज्युअल्टीत काढल्यामुळे एक तक्रार मनात साचून राहिली आहे आणि ती मांडल्याशिवाय माझे पुढचे बोलणे सुरू होणार नाही. आपल्याकडे घरातले माणूस अचानक आजारी पडले की त्याच्यासोबत हमखास चुकीची माणसे रुग्णालयात जातात.

ज्याच्याकडे गाडी आहे तो जातो, ज्याचा आवाज मोठा आहे तो जातो, ज्याच्या मोबाइलमध्ये नगरसेवकाचा नंबर आहे तो तर जातोच जातो, आणि गल्लीतले दोघे-तिघे कोणी न बोलावता दुचाकीवरून मागोमाग येतात. ज्या सुनेने किंवा पत्नीने रोज सकाळ-संध्याकाळ त्या माणसाच्या हातावर गोळ्या ठेवल्या आहेत, तिला मात्र 'तू घरीच थांब, पोरं आहेत' असे सांगून मागे ठेवले जाते. तिला बोलावणे येते ते दुपारी, डबा घेऊन. आपण हसलात, पण हसण्यात पुरुषांचा आवाज कमी होता, याची मी नोंद घेतली आहे.

एका सकाळी साडेआठच्या सुमारास असेच एक आजोबा आमच्याकडे आणले गेले. तोंड डावीकडे ओढलेले, उजवा हात लुळा आणि बोलणे अडखळत होते. सोबत दोन मुलगे, एक भाचा आणि शेजारी अशी भरपूर मंडळी होती. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे शेवटचे ठणठणीत कधी होते?" थोरला मुलगा म्हणाला, "रात्री दहाला झोपले तेव्हा चांगले होते, सकाळी बघतो तर असे." दुसरा प्रश्न होता की गोळ्या कोणत्या चालू आहेत. त्यावर थोरला म्हणाला, "एक पांढरी", आणि धाकट्याने भर घातली, "एक गुलाबीपण आहे." रक्त पातळ करणारी गोळी आहे का, या तिसऱ्या प्रश्नाला दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. भाचा तेवढ्यात कोपऱ्यात जाऊन कोणा साहेबांना फोन लावत होता.

इथे पहिल्या प्रश्नाचे मोल सांगितले पाहिजे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजले जातात. रात्री दहापासून मोजले तर आजोबांची वेळ आम्ही पाहण्यापूर्वीच टळून गेली होती. मी थोरल्याला घरी फोन लावायला सांगितले आणि फोन स्पीकरवर ठेवायला लावला. पलीकडून सूनबाई एका दमात बोलल्या : "आप्पा साडेपाचला उठले, अंघोळ केली, पूजेची फुलं तोडून आणली. मी चहा दिला तेव्हा नीट बोलले. रेडिओवर सात दहाच्या बातम्या चालू होत्या, तेव्हा कप हातातून निसटला." मुलगे वरच्या मजल्यावर झोपले होते, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. गोळ्या रक्तदाबाच्या आणि शुगरच्या आहेत, रक्त पातळ करणारी एकही नाही, गेल्या वर्षभरात शस्त्रक्रिया झालेली नाही, हेही तिने न विचारता सांगितले. लगेच शुगर तपासली, कारण शुगर एकदम उतरली तरी रुग्ण अगदी असाच दिसू शकतो. मग आतला रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन झाला आणि इंजेक्शन वेळेत गेले. काही महिन्यांनी आजोबा काठी टेकत तपासणीला आले, तेव्हा कुटुंबाने सर्वांदेखत आभार मानले ते भाच्याचे, कारण त्याने साहेबांना फोन केला होता.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे रुग्ण अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून येतात तसे सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही येतात, आणि पूर्व भागातली विडी वळणारी आजी दुखणे सांगताना तेलुगूच बोलते. छातीत 'कळ येते' की 'जड वाटते' की 'जळजळते', हा फरक तिच्या भाषेत विचारावा लागतो. अशा वेळी सोबत आलेली आठवीतली नात चार पुरुषांपेक्षा अधिक कामाची ठरलेली मी पाहिली आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणजे फलकावरच्या विषयाला आता थोडकाच वेळ उरला आहे, तेव्हा भराभर सांगते.

कॅज्युअल्टीत क्रम येण्याच्या वेळेवर लागत नाही, तो रुग्णाच्या अवस्थेवर लागतो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे याने जखमींवर हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याची पद्धत पाडली, तेच तत्त्व आज लाल, पिवळा, हिरवा या रंगांनी पाळले जाते. तुमचा मोडलेला अंगठा तासभर थांबतो आणि नंतर आलेला आत जातो, तेव्हा तो वशिला नसतो. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दारात आल्यापासून १० मिनिटांत निघावा, असा दंडक आहे. केसपेपर काढायला एकाने रांगेत जावे, पण माहिती असलेल्या माणसाने रुग्णाजवळून हलू नये.

सर्पदंशात दोर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, फक्त चावल्याची वेळ लक्षात ठेवा. आम्ही रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतो आणि मग नळी तिरकी करून ते गोठले का पाहतो. तेवढा वेळ 'नुसते बसवून ठेवले' म्हणून ओरडू नका. फवारणीचे औषध पोटात गेले असेल तर बाटली सोबत आणा आणि पोलिसांच्या भीतीने लपवू नका, कारण कोणते विष हे कळल्यावरच नेमका उतारा ठरतो. पोलिसांना कळवणे ही कायदेशीर नोंद असते, उपचार त्यासाठी अडत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेले आहे. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला उचलून आणणाऱ्या परक्या माणसालाही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण मिळाले आहे आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

मागून एका ताईंनी विचारले आहे की घरात सासू-सून दोघीच असतील तर काय करावे. १०८ ला फोन करावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. पत्ता सांगताना घराच्या नावाऐवजी जवळचा चौक, मंदिर किंवा शाळा सांगावी, शेजारच्या मुलाला कोपऱ्यावर उभे करावे, गोळ्यांची पिशवी आहे तशी उचलावी, आणि गाडीत सासूबाईंसोबत सुनेनेच बसावे. मुलांना शेजारी सांभाळतील.