पट्टा बांधायला किती वेळ?

पक्षाघातातून सावरणारा एक हात टेबलावर ठेवलाय. फिजिओथेरपिस्ट मनगटाभोवती वेल्क्रोचा पट्टा आवळतात. पडद्यावर एक ठिपका उमटतो. हात तिकडे न्यायचा. ताकद कमी पडली तर यंत्र हलकेच ढकलतं, आणि हात आपणहून हलू लागला की मागे सरतं.

अशा उपचार करणाऱ्या रोबोंचा पूर्वज म्हणजे एमआयटी-मॅनस. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्ज यांनी ते घडवलं. त्याचं बळ न थकण्यात. नेहमीच्या सेशनमध्ये हाताच्या तीसेक हालचाली होतात, यंत्रावर हजारेक. मात्र लगेच हुरळून जाऊ नका. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांवरची चाचणी २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्रामुळे हात जास्त कामाचा झाला, असं त्यात दिसलं नाही.

आता यंत्रं हलकी होताहेत, कापडी होताहेत. जपानचं 'हॅल' हे अंगावर चढवायचं यंत्र त्वचेवरून स्नायूंचे क्षीण विद्युत संकेत टिपतं आणि त्यानुसार पाय उचलायला मदत करतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं 'रिवॉक' हा बाह्यसांगाडा, म्हणजे पायांना बांधून चालायला मदत करणारा यांत्रिक सांगाडा, घरी वापरायला मंजुरी दिली. त्याचे जनक अमित गोफर यांना मात्र तो वापरता येत नव्हता. त्यासाठी कुबड्या धराव्या लागतात, आणि अपघातानंतर त्यांच्या हातांत तेवढी ताकद नव्हती.

अशी यंत्रं विकण्याच्या धंद्यात ग्राहक टिकवणं म्हणजे मोठं विचित्र काम. बरा झालेला रुग्ण परत येत नाही, येऊही नये! टिकवायचा असतो तो थेरपिस्ट. अर्ध्या तासातली दहा मिनिटं पट्टे बांधण्यातच गेली, तर यंत्र कितीही हुशार असो, महिन्याभरात कोपऱ्यात जातं आणि त्यावर चादर पडते.

घरी नेलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे एक वायर तुटली की माणूस पुन्हा बसला. 'आर्गस २' हे अंधांना थोडंफार दिसावं म्हणून डोळ्यात बसवायचं उपकरण रोबो नव्हे, पण त्याच्या कंपनीनं उत्पादन थांबवलं तेव्हा साडेतीनशेच्या वर लोकांच्या डोळ्यात ते होतं. दुरुस्ती कोण करणार? म्हणून घरी यंत्र घेणाऱ्यानं मोटरची ताकद नंतर विचारावी, आधी सुटे भाग किती वर्षं मिळतील ते विचारावं.

सेशन संपतं. थेरपिस्ट पट्टा सोडायला पुढे होतात. "थांबा, मी काढतो." बोटं वेल्क्रोवरून दोनदा निसटतात. तिसऱ्यांदा, फर्रर्र.