ॲमेझॉनच्या मातीचा अहवाल

(दृश्य : वरून दिसणारं जंगल, क्षितिजापर्यंत सलग हिरवं. लगेच जमीन : फावड्याने उभी कापलेली पिवळी चिकणमाती.)

ब्राझीलमधलं मनाऊस शहर विषुववृत्तापासून तीन अंश दक्षिणेला आहे. शहराच्या उत्तरेला, नदीचा पूर कधीच चढत नाही अशा उंचवट्यावर हे जंगल आहे. इथली किलोभर माती आपल्याकडच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत दिली, तर अहवाल साधारण असा येईल. सामू (pH) चारच्या आसपास, म्हणजे तीव्र आम्लधर्मी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) : अत्यंत कमी. उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) : अत्यंत कमी. ॲल्युमिनियम : पिकाच्या मुळांना बाधेल इतकं. सेंद्रिय कर्ब असेल तो वरच्या काही सेंटीमीटरांतच.

असा अहवाल हातात पडला, तर शेतकरी त्या जमिनीचा नाद सोडून देईल.

(दृश्य : कॅमेरा खोडालगत वर चढतो.)

आणि याच मातीवर एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, सुकं वजन धरलं तरी तीनशे टनांच्या पुढचा झाडोरा उभा आहे. दहा सेंटीमीटरपेक्षा जाड खोडांचीच झाडं मोजली, तरी त्यांत अडीचशेहून जास्त जाती निघतात. जंगल घनदाट आहे म्हणजे जमीन कसदार असणार, हा हिशेब इथे साफ चुकतो. तो चुकल्यामुळे अनेकांचे पैसे बुडाले आहेत. त्याकडे पुढे येऊ.

माती अशी का झाली, ते आधी पाहू. मनाऊसला वर्षाला सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सरासरी तापमान २७ अंशांच्या जवळपास असतं. ऊन आणि पाणी लाखो वर्षं खडकावर काम करत राहिले. पाण्यात विरघळणारं जे काही होतं, ते नदीला लागून समुद्रात गेलं. मागे राहिली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि केओलिनाइट नावाची चिकणमाती. कोकणातला जांभा तयार होण्यामागे हीच झीज आहे. देशावरच्या काळ्या मातीतले चिकणकण वेगळे असतात, ते अन्नद्रव्यं धरून ठेवतात. केओलिनाइटची ती ताकद जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाची. त्यातून लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरदाला अशी घट्ट पकडतात, की ते मातीत असूनही मुळांना मिळत नाही.

म्हणून या जंगलातले निर्जीव घटक मोजताना ऊन, पाऊस, हवा, माती अशी यादी करून भागत नाही. यातलं मुबलक काय आणि टंचाई कशाची, हे पाहावं लागतं. ऊन मुबलक, पाणी मुबलक. टंचाई स्फुरदाची. इथले बरेचसे सजीव या एका टंचाईच्या धाकात जगतात.

(दृश्य : जंगलाचा तळ. अंधूक उजेड, एखादाच कवडसा.)

ऊन मुबलक असलं तरी ते वरच्या वर अडतं. तीस ते चाळीस मीटर उंचीवर झाडांचे माथे एकमेकांना भिडतात आणि तळाशी उजेडाचा जेमतेम एक ते दोन टक्के भाग पोचतो. तळातली रोपं वर्षानुवर्षं गुडघ्याएवढीच राहतात. एखादा मोठा वृक्ष कोसळून वर भगदाड पडलं, की त्यांतली काही झपाट्याने वर जातात. बाकीची बहुतेक मरतात.

वरच्या पानांना मात्र उन्हाची कमी नसते. अडचण असते ती पान बनवण्यासाठी लागणाऱ्या मालाची. त्यामुळे इथली बरीच झाडं पान जाड आणि चिवट बनवतात, त्यात टॅनिन किंवा चीक भरून ते किड्यांपासून वाचवतात आणि एक पान वर्षापेक्षा जास्त काळ वापरतात. पान पिकून गळायच्या आधी झाड त्यातला निम्म्याहून जास्त स्फुरद काढून फांदीत परत घेतं. खाली पडतं ते पिळून घेतलेलं पान.

(दृश्य : पालापाचोळा हाताने बाजूला केला जातो. खाली पांढऱ्या-तपकिरी बारीक मुळांचं जाळं.)

तरीही वर्षाला हेक्टरी आठ टनांच्या आसपास पालापाचोळा पडतो. एवढा पडत असताना तळावर थर मात्र काही सेंटीमीटरांचाच दिसतो. कारण पान पडताच वाळवी, बुरश्या आणि जिवाणू कामाला लागतात. उबदार, ओल्या हवेत बरीचशी पानं वर्षभरात संपतात.

कुजल्यानंतर मोकळं झालेलं अन्नद्रव्य पावसाबरोबर खाली उतरलं, तर लोह-ॲल्युमिनियमच्या तावडीत सापडेल. म्हणून झाडं त्याला उतरूच देत नाहीत. बारीक मुळं मातीत खोल न जाता वर, पाचोळ्यात शिरतात. कुजणाऱ्या पानाला चिकटूनच वाढतात. मुळांवर राहणाऱ्या मायकोरायझा बुरश्या आपले तंतू पसरून स्फुरद गोळा करतात आणि झाडाला देतात. त्याच्या बदल्यात त्यांना झाडाकडून साखर मिळते.

हे जाळं किती घट्ट आहे, ते १९७०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या सान कार्लोस दे रिओ नेग्रो इथे मोजलं गेलं. तिथे मुळांची चटई वीतभर आणि काही जागी त्याहून जाड असते. तिच्यावर किरणोत्सारी कॅल्शियम आणि स्फुरद शिंपडून खाली किती झिरपतं ते पाहिलं. झिरपलं फक्त ०.१ टक्का.

म्हणजे या जंगलाची शिल्लक मातीत नाही. ती पानांत, लाकडात, मुळांत, बुरशीत, किड्यांत आहे. एका शरीरातून सुटली की दुसऱ्यात जाते, मध्ये जमिनीवर फार वेळ थांबत नाही.

(दृश्य : हिरव्या पानांचे तुकडे डोक्यावर घेऊन चाललेली मुंग्यांची रांग.)

ही पानं तोडणारी मुंगी. ती पान खात नाही. वारुळाच्या खोल्यांमध्ये पानं चावून त्यांवर एक खास बुरशी वाढवली जाते आणि वसाहत त्या बुरशीवर पोसली जाते. मोठ्या वारुळात लाखो मुंग्या असतात. या बागेत दुसरी एक परोपजीवी बुरशी घुसली तर सगळी बाग बसते. त्यावर मुंग्यांचा इलाज असा : अनेक मुंग्यांच्या अंगावरच जिवाणूंची पांढरी साय असते आणि ते जिवाणू त्या घुसखोर बुरशीला मारणारं रसायन तयार करतात. मुंगी, दोन बुरश्या आणि एक जिवाणू असा हा चौघांचा संसार आहे.

ब्राझील नटच्या झाडाचंही असंच. त्याच्या फुलावर जड झाकण असतं, ते उचलून आत शिरायला अंगाने मोठी, दणकट मधमाशी लागते. फळ पिकायला चौदा-पंधरा महिने जातात. नारळाएवढं, लाकडासारखं कठीण आणि कधी दोन किलोपर्यंत वजनाचं हे फळ चाळीस मीटरांवरून पडतं, तेव्हा खाली उभं राहू नये. ते आपणहून उघडत नाही. आगुती नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी ते फोडतो, काही बिया खातो, उरलेल्या ठिकठिकाणी पुरून ठेवतो आणि त्यांतल्या काही विसरतो. नवं झाड येतं ते त्या विसरण्यातून. जंगल साफ करून नुसतं ब्राझील नटच लावलं, तर झाडं जगतात, फुलतातही. पण आसपास जंगल नसलं की या मधमाश्या येत नाहीत आणि फळं फार थोडी धरतात.

(दृश्य : पहाटे जंगलातून वर उठणारं धुकं. दूरवर एक सडपातळ उंच मनोरा.)

मनाऊसपासून सुमारे १५० किलोमीटरवर हा ३२५ मीटर उंचीचा मनोरा आहे. जंगलावरची हवा मोजण्यासाठी ब्राझील आणि जर्मनीने मिळून तो उभारला. या हवेत अजैविक काय आणि जैविक काय, हे वेगळं करणं अवघड आहे. ढगातल्या वाफेला थेंब धरायला सूक्ष्म कण लागतात. शहरांवर ते धुराचे असतात. इथे पावसाळ्यात ते बरेचसे जंगलानेच सोडलेले असतात : पानांतून निघणाऱ्या वायूंपासून बनलेले आणि बुरशी व झाडांनी सोडलेल्या पोटॅशियमच्या क्षारांवर वाढलेले.

पाण्याचंही तेच. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, दाखवून दिलं, की ॲमेझॉन खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा जवळजवळ निम्मा भाग जंगलानेच वर फेकलेल्या पाण्याचा असतो. अटलांटिकवरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, झाडं ती पुन्हा हवेत सोडतात आणि पश्चिमेकडे वारा ती पुढे नेतो. पुढे अँडीज पर्वत आडवा येतो, तिथून ही वाफ दक्षिणेला वळते. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात झाडांची मुळं आठ मीटरांपेक्षाही खोल गेलेली सापडली आहेत. पावसाविना काही महिने काढायचे, ते तिथल्या खोल पाण्यावर.

जाता जाता एक. या जंगलाला ‘पृथ्वीची फुफ्फुसं’ म्हणायची सवय आता सोडायला हवी. झाडं जेवढा ऑक्सिजन सोडतात, जवळजवळ तेवढाच त्यांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पाचोळा कुजण्यात खर्च होतो. जंगलाची महती कार्बनच्या साठ्यात आणि पावसात आहे.

(दृश्य : उपग्रहचित्र. आफ्रिकेतून अटलांटिकवर पसरलेला धुळीचा पट्टा.)

गळती ०.१ टक्का असली तरी ती गळतीच. पूर आणि पाऊस थोडा स्फुरद नेतातच. तो भरून कोण काढतं? उत्तर आफ्रिकेत आहे. चाड देशातलं बोडेलेचं खोलगट मैदान म्हणजे एका जुन्या, आटलेल्या महासरोवराचा तळ. तिथल्या धुळीत त्या सरोवरातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं आणि स्फुरद असतो. वारा सहारातली ही धूळ उचलून अटलांटिक ओलांडतो. उपग्रहांच्या २००७ ते २०१३ या काळातल्या नोंदींवरून केलेला अंदाज असा, की या वाटेने ॲमेझॉनला वर्षाला सुमारे २२,००० टन स्फुरद मिळतो. पावसाने वाहून जातो तोही साधारण तेवढाच.

आकडा मोठा वाटतो. हेक्टरी काढला तर वर्षाला सुमारे २३ ग्रॅम होतो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पन्नास किलोंच्या एका पोत्यात मूलद्रव्याच्या रूपातला साडेतीन किलो स्फुरद असतो. म्हणजे एका पोत्यावर दीडशे हेक्टर जंगलाचं वर्ष निघतं. जंगलाला हे पुरतं, कारण ते जवळजवळ काहीच सांडत नाही.

(दृश्य : तोडलेली, वाळलेली झाडं. आग. नंतर राखेत उगवलेला कसावा.)

आता जंगल तोडल्यावर काय होतं ते पाहू. पद्धत जुनी आहे : कोरड्या महिन्यांत तोड करायची, लाकूड वाळू द्यायचं, पाऊस येण्याआधी पेटवायचं. आगीत नत्र आणि गंधक बव्हंशी हवेत जातात. स्फुरद, पालाश, कॅल्शियम राखेत उरतात. राखेने सामू वर चढतो, ॲल्युमिनियमचा त्रास कमी होतो आणि पहिली दोन-तीन पिकं चांगली येतात. मुळांची चटई मात्र मेलेली असते. पाऊस राख धुऊन नेतो, उरलेला स्फुरद माती पकडते, सामू पुन्हा घसरतो. एक-दोन हेक्टरांचा तुकडा कसून तो दहा-वीस वर्षं पडीक टाकणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि भोवतीचं जंगल तो तुकडा परत घेतं. हजारो हेक्टर साफ करून कुरण केलं, तर परत घ्यायला जंगल जवळ उरतच नाही.

हेन्री फोर्डने १९२८ मध्ये तापाजोस नदीकाठी फोर्डलांडिया वसवलं, ते मोटारींच्या टायरांना लागणाऱ्या रबरासाठी. रबराचं झाड मूळचं याच जंगलातलं. पण जंगलात ते विखुरलेलं असतं, मध्ये इतर जातींची झाडं असतात. पानं करपवणारी बुरशीही तिथलीच, फक्त तिला एका रबराच्या झाडावरून दुसऱ्यावर जाणं कठीण पडतं. फोर्डने झाडं रांगांत लावली, एकाचा पाला दुसऱ्याला लागला, आणि बुरशीने लागवड खाल्ली. १९४५ मध्ये सगळी मालमत्ता ब्राझील सरकारला विकून कंपनी निघून गेली. याच झाडाचं बी १८७६ मध्ये लंडनमार्गे आशियात गेलं होतं. बुरशी मागे राहिली. म्हणून केरळात, आणि आता दोडामार्गातही, रबर रांगांत उभं राहू शकतं.

(दृश्य : कुरणांमध्ये उरलेला जंगलाचा चौकोनी तुकडा.)

तोडायचं, पण काही तुकडे राखायचे, असं केलं तर? मनाऊसच्या उत्तरेला १९७९ पासून याचाच प्रयोग चालू आहे. थॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखले. कडेने ऊन आणि कोरडा वारा आत शिरला. कडेपासून शंभर मीटरांच्या पट्ट्यात मोठी झाडं भराभर मरू लागली. लष्करी मुंग्यांच्या एका वसाहतीलाच सुमारे तीस हेक्टर लागतात, म्हणून छोट्या तुकड्यांतून त्या गेल्या. त्यांच्यापुढे पळणारे किडे टिपून जगणारे पक्षीही त्यांच्यामागे गेले. एकही झाड न तोडता तुकडा आतून रिकामा होत गेला.

सोडून दिलेल्या जमिनीवर पुढे काय उगवलं, हेही इथेच नोंदलं गेलं. नुसती तोड झाली होती तिथे सिक्रोपिया आली. ही पोकळ खोडाची, भराभर वाढणारी झाडं. तिच्या सावलीत वर्षागणिक जंगलातल्या इतर जाती शिरत गेल्या. कुरणासाठी पुन्हा पुन्हा जाळलेल्या जमिनीवर विस्मिया नावाचं झाड माजलं. ते आगीनंतर बुंध्यातून परत फुटतं, आपलंच रान वाढवतं आणि दुसऱ्या जातींना फारशी जागा देत नाही. पंचवीस वर्षं उलटली तरी तिथे विस्मियाच होतं.