पस्तीस नारळांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या चवथीला आमच्या मूळ घरी सगळी भावकी जमली होती. दुपारची आरती आटोपली होती आणि पाने मांडायला अजून थोडा अवकाश होता. तेवढ्या वेळात आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी मुलांना ओळीने बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. देशाचे पहिले उपराष्ट्रपती कोण, जगातला सर्वांत उंच धबधबा कोणता, गोव्याचा राज्यवृक्ष कोणता. माझ्या चुलतभावाचा नातू नववीत आहे. प्रश्न संपायच्या आत त्याचे उत्तर तयार असे. राज्यवृक्ष म्हणताच त्याने "माट्टी" असे सांगून टाकले. त्याच्याच वयाचा आणखी एक मुलगा, नात्याने माझा भाचा, त्या ओळीत गप्प बसून होता. चार प्रश्न त्याच्यावरून तसेच पुढे गेल्यावर ते गृहस्थ त्याच्या आईला म्हणाले, "हा मुलगा जरा मंदच दिसतो गो." ती केळीची पाने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे रानातल्या फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधलेली होती. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळ, कांगलां आणि माट्टीच्या फळांचे झुपके तिच्यात होते. ती माटोळी त्याच गप्प मुलाने आपल्या मामाबरोबर बांधली होती आणि रानातले सगळे सामान दोन दिवस डोंगर हिंडून त्यानेच आणले होते. मी पहिल्या मुलाला सहज विचारले, "बाळा, यातले माट्टीचे फळ कुठले, ते दाखव पाहू." त्याने बराच वेळ वर पाहिले, पण त्याला ते ओळखता आले नाही. दुसऱ्याने बसल्या जागेवरून बोट दाखवले, आणि एकदा बोलू लागल्यावर हेही सांगितले की कांगलां फार आधी तोडली तर फुटून बिया गळतात, म्हणून ती शेवटच्या दिवशी आणायची असतात.

पहिल्या मुलाला उणे ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे आणि स्मरणशक्ती हा बुद्धीचाच भाग आहे. माझी हरकत आहे ती त्या "मंद" या शब्दाला. तीस वर्षे गणित शिकवताना तो शब्द मीही मनातल्या मनात अनेकदा वापरला आहे, आणि म्हणूनच सामान्यज्ञान आणि गणित यांवरून माणसाची बुद्धी खरोखर मोजता येते का, या प्रश्नाबद्दल आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

ज्याला आपण सामान्यज्ञान म्हणतो, ते कोणाच्या दृष्टीने सामान्य असते? माझे वडील पोर्तुगीज राजवटीत शिकले. सेगुंद ग्रावची, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्याची परीक्षा ते चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाले होते. पोर्तुगालचे राजे त्यांना क्रमाने पाठ होते, आणि तेजू, दोउरू, मोंदेगू या कधीही न पाहिलेल्या नद्या कुठे उगम पावतात हेही ते सांगत असत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या दिवसाचा आनंद त्यांनी आयुष्यभर जपला. पुढे काही महिन्यांनी एका कार्यालयात ते नोकरीच्या मुलाखतीला गेले, तेव्हा पंचवार्षिक योजनेबद्दल आणि राज्यघटनेबद्दल प्रश्न विचारले गेले. वडिलांना एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. दोन वर्षांपूर्वी गावातली माणसे अर्ज लिहून घ्यायला ज्यांच्याकडे येत, ते त्या खोलीतून अडाणी ठरून बाहेर पडले. त्यांची बुद्धी तीच होती. बदलले होते ते प्रश्न, आणि प्रश्न विचारणारी सत्ता.

हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडला होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, तिथल्या सैन्याने सुमारे १७ लाख जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली. ज्यांना इंग्रजी वाचता येत होते त्यांच्या चाचणीत क्रिस्को हे औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ, असा एक प्रश्न होता. एक अमुक गृहस्थ लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट, असा दुसरा. क्रिस्को म्हणजे तिथे डब्यात मिळणारे वनस्पती तूप. इटलीच्या किंवा पोलंडच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या माणसाला ते कसे ठाऊक असणार? त्या चाचणीच्या आकडेवारीत असेही दिसले की परदेशातून आलेल्या माणसाची अमेरिकेत जितकी जास्त वर्षे झाली, तितके त्याचे गुण वाढत गेले. याचा सरळ अर्थ असा की चाचणी त्या देशातला सहवास मोजत होती. तरीही त्या गुणांवरून काही देशांचे लोक जन्मतःच कमी बुद्धीचे आहेत असा निष्कर्ष काढला गेला. तो मांडणाऱ्यांपैकी कार्ल ब्रिगॅम या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये आपला निष्कर्ष स्वतःच मागे घेतला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देणारी आहे. मात्र तोवर व्हायची ती हानी होऊन गेली होती.

बुद्धिमापनाचा आरंभ ज्यांच्यापासून झाला त्या आल्फ्रेड बिने यांच्या मनात असे काही नव्हते. पॅरिसमध्ये १९०५ साली त्यांनी थिओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने ३० कृतींची एक मालिका तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळी मदत हवी आहे, हे ओळखणे एवढाच तिचा उद्देश होता. मुलाने शाळेत काय पाठ केले आहे हे त्यांना तपासायचे नव्हते, म्हणून वाचन-लेखनावर आणि पुस्तकी माहितीवर आधारलेले प्रश्न त्यांनी जाणूनबुजून टाळले. तोंडी सांगितलेले अंक परत म्हणून दाखवणे, दोन वस्तूंमधला फरक सांगणे, अशा त्या कृती होत्या, आणि परीक्षक प्रत्येक मुलासमोर स्वतः बसून त्या करवून घेई. बुद्धी ही कायमची ठरून गेलेली गोष्ट आहे असे मानणाऱ्यांना बिने यांचा कडाडून विरोध होता. योग्य शिक्षणाने ती वाढते, यावर त्यांचा विश्वास होता. १९११ साली ते वारले. त्यानंतर त्यांच्या मापाचा एकच आकडा झाला आणि तो आकडा माणसाच्या कपाळी चिकटवण्याची रीत पडली.

आता गणिताकडे येतो, कारण इथे मी स्वतः दोषी आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील पाडेली होते, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. सहामाही परीक्षेत मी एक उदाहरण घातले होते : एका नारळाची किंमत १४ रुपये, तर ३५ नारळांची किंमत किती? तिने ३५ ला चाराने गुणून १४० लिहिले, खाली एकाने गुणून ३५ लिहिले, आणि तो ३५ एक घर डावीकडे न सरकवता बेरीज केली. उत्तर आले १७५. मी लाल शाईने फुली मारली आणि पुढचा पेपर उचलला.

त्याच महिन्यात एका शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात गेलो. घरात कार्य होते आणि नारळ हवे होते. ती मुलगी आईच्या शेजारी गोणपाटावर बसलेली होती. मी पस्तीस नारळ मागितले. भाव तोच, चौदा रुपये. ती नारळ हलवून कानाशी नेत होती, एकेक पिशवीत टाकत होती आणि ते करता करताच म्हणाली, "दहांचे एकशेचाळीस, तिसांचे चारशे वीस, वर पाचांचे सत्तर. चारशे नव्वद झाले, सर." मी पाचशेची नोट दिली. तिने दहा रुपये परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी जाताना मी मनाशी फार ओशाळलो. जिने बाजारात पस्तीस नारळ १७५ रुपयांना कधीच दिले नसते, तिने माझ्या पेपरात ते उत्तर निमूटपणे लिहिले होते, कारण त्या कागदावरचे नारळ तिला नारळ वाटतच नव्हते. तिच्या दृष्टीने ते केवळ एकाखाली एक मांडायचे अंक होते. आणि ती कुठे अडखळते आहे हे विचारण्याऐवजी तिला गणिताचे डोके नाही, असे मी ठरवून टाकले होते.

पुढे वाचनात आले की ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी नेमके हेच पाहिले होते. त्यांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर नारळ, फळे असा माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे त्यांनी आधी गिऱ्हाईक म्हणून खरेदी केली. ६३ हिशेबांपैकी ९८ टक्के हिशेब मुलांनी बरोबर केले. नंतर त्याच प्रकारची गणिते कागद-पेन्सिल देऊन घातली. गोष्टीच्या रूपात घातली तेव्हा ७४ टक्के बरोबर आली; नुसते अंक मांडून दिले तेव्हा अवघी ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाकडे नारळाचा भाव ३५ क्रुझेरो होता. दहा नारळांसाठी तो म्हणाला : तीनांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, वर एक, ३५०. दहाने गुणताना पुढे शून्य द्यावे हा शाळेतला नियम त्याने वापरला नाही, पण संख्या कशी फोडावी आणि कशी जुळवावी हे त्याला पक्के ठाऊक होते. अगदी अलीकडे, २०२५ साली, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा खूप मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनाही हेच आढळले, आणि उलट बाजूही दिसली : शाळेतली गणिते सोडवणारी मुले बाजारातल्या साध्या हिशेबाला अडत होती.

ही उलट बाजू पालकांनी विशेष लक्षात घ्यावी असे मला वाटते. अमेरिकेत १९८३ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिले. २९ टक्क्यांनी "३१, बाकी १२" असे लिहिले. त्या बारा सैनिकांचे काय करायचे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. आकडेमोड पूर्ण बरोबर होती, आणि तरी प्रश्न सुटलेला नव्हता.

आपल्याकडे खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या, बांधावर पाणी आत-बाहेर सोडणारी जी मानस असते, तिची दारे भरती-ओहोटीप्रमाणे सांभाळणारा माणूस पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते; चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ करून घेत असत. शाळा तिसरीत सुटलेल्या माणसाच्या हातात ती पाऊणकी रोजच्या उपयोगाला राहिली. आणि तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचे नाव तर गोव्यात कोणाला सांगायला नको. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, असे भिन्न मात्रांचे ताल एकाच वेळी धरून ते अचूक समेवर येत, असे जाणकार सांगत आले आहेत. लयीचे ते भागाकार कागदावर मांडायला बसलो, तर माझ्यासारख्या गणित शिक्षकाचीही दमछाक होईल.

मात्र या विषयाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवले होते की एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले बहुधा इतर विषयांतही चांगले गुण मिळवतात, आणि हे निरीक्षण पुढे पुन्हा पुन्हा खरे ठरले. डेव्हिड वेक्सलर यांच्या १९३९ च्या बुद्धिमापन चाचणीत सामान्य माहिती आणि अंकगणित हे दोन्ही विभाग होते. एकाच वातावरणात, सारख्याच सोयींत वाढलेल्या दोन मुलांपैकी एकाला खूप माहिती असेल, तर ती त्याने कुतूहलाने आणि समजुतीने गोळा केलेली असते, हे नाकारता येणार नाही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रवाह सांगितले : नव्या प्रश्नाला भिडणारी बुद्धी, आणि अनुभवाने व शिक्षणाने साठत गेलेली बुद्धी. सामान्यज्ञानाचे प्रश्न या दुसऱ्या साठ्यातले असतात. साठा किती झाला हे संधीवरही अवलंबून असते, एवढेच मला म्हणायचे आहे. नोकरीच्या चार जागांसाठी हजारो अर्ज येतात तेव्हा कसली तरी परीक्षा घ्यावीच लागते, हेही मला मान्य आहे. त्या परीक्षेला तयारीची परीक्षा म्हणावे. जो तिच्यात मागे पडला त्याला त्याच्या आईसमोर मंद म्हणू नये.

ती नारळवाली मुलगी आता स्वतः बाजारात बसते. गेल्या वर्षी तिने मला ओळखले, बसायला स्टूल दिले आणि पाचवीतल्या मुलाची वही काढून म्हणाली, "सर, याला गणित येत नाही म्हणतात. तुम्ही जरा बघाल?" वहीत २६ गुणिले १५ होते. पाचाने गुणून १३०, एकाने गुणून २६, आणि खाली बेरीज १५६. शेजारी लाल फुली. मी वही मिटली आणि मुलाला विचारले, "सव्वीस रुपयांचे पंधरा नारळ घेतले तर किती झाले रे?" त्याने आईकडे पाहिले, मग नारळांच्या राशीकडे पाहिले आणि म्हणाला, "दहांचे दोनशे साठ. पाचांचे एकशेतीस. तीनशे नव्वद." मी वही पुन्हा उघडली आणि म्हटले, आता जे बोललास तेच, त्याच क्रमाने, इथे लिही. त्याने २६० लिहिले, खाली १३० लिहिले, बेरीज केली. मग दोन्ही उत्तरांकडे थोडा वेळ पाहत राहिला, आणि १५६ वर त्याने स्वतःच्या पेन्सिलीने काट मारली.