नावातच चुकलेला जीवाश्म

(पडद्यावर: राखाडी दगड, वरून सरळ उजेड)

हा दगड बघा. काही दिसतंय? नाही दिसणार, कारण लाईट बरोबर डोक्यावर आहे आणि डोक्यावरच्या उजेडात असले दगड बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या फरशीसारखे दिसतात, बघितलं न बघितलं सारखंच. आता तोच दगड, फक्त लाईट खाली आणलाय, जवळजवळ दगडाला टेकवून, तिरका. आता? एकामागे एक लावलेल्या बारीक बारीक चंद्रकोरी, मधे खाच, परत कोर, परत खाच, अशी सगळी मिळून बोटाएवढी रांग. संध्याकाळी ऊन खाली उतरलं की मातीच्या रस्त्यावरच्या चाकोऱ्या कशा एकदम उठून दिसतात ना, तसंच.

याचं नाव पॅलिओपॅस्किक्नस. जीभ वळत नसेल तर चालेल, मलापण चार टेक घ्यावे लागले. हा केंब्रियनच्या आधीचा, एडिएकरन काळातला. एडिएकरन म्हणजे साधारण ६३.५ कोटी ते ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, केंब्रियन त्याच्या लगेच नंतरचा, आणि गंमत म्हणजे इतका जुना काळ पण अधिकृत यादीत त्याची नोंद झाली थेट २००४ साली. ट्रायलोबाइट, म्हणजे ते कवचवाले जुने समुद्री प्राणी, अजून यायचेत, शंख-शिंपले यायचेत, समुद्राच्या तळाशी शेवाळी साय पसरलेली आणि त्या सायीवर, किंवा त्या सायीत अर्धवट बुडालेला, हा कप्प्याकप्प्यांचा जीव.

आता नावाची भानगड. १९७६ साली पालिय नावाच्या सोव्हिएत संशोधकाने युक्रेनमधल्या पोडोलिया भागातल्या खडकांवरून याचं पहिलं वर्णन केलं आणि त्याला वाटलं की हा जीव नाहीच, हा जीवाचा माग आहे. म्हणजे कुठलातरी किडा चिखलावर चरत गेला, आणि त्याची ही वाट उरली. झायलाखर नावाच्या एका मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने असल्या चरण्याच्या मागांना आधीच एक नाव देऊन ठेवलं होतं, लॅटिनमधल्या चरणे या शब्दावरून, त्यातूनच हे नाव तयार झालं. पॅलिओ म्हणजे जुना, पॅस्क म्हणजे चरणं, आणि इक्नस म्हणजे माग. जुना चरण्याचा माग. झालं, नाव पक्कं.

आणि पालियला हसू नका हं. दगड हातात घेतला तर कुणालाही पहिल्यांदा तेच वाटेल. शेतात नांगर चालतो तेव्हा काय होतं, एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, संपलं की बांधाजवळ बैल वळतात आणि शेजारून दुसरं तास सुरू होतं, परत वळतात, परत तास. आजही समुद्राच्या तळावर काही जीव अगदी असेच चरतात, जागा वाया न घालवता, एका ओळीला चिकटून दुसरी ओळ. त्यामुळे या चंद्रकोरी म्हणजे शेजारशेजारची तासं असं वाटणं साहजिकच आहे.

पण मग बांधाजवळचं वळण कुठंय?

(पडद्यावर: कोरींच्या टोकाचा क्लोजअप, इथे जरा थांबायचं)

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर मिळवायला मशीन नाही लागत, हँड लेन्स आणि तिरका उजेड पुरतो. कोरीच्या टोकाला जा आणि बघा की ती पुढच्या कोरीला जोडली आहे का. नांगर उचलून पुढच्या तासात ठेवता येतो, किड्याला स्वतःला उचलून ठेवता येत नाही, त्यामुळे माग असेल तर तो कुठेतरी वळलेला दिसलाच पाहिजे. पॅलिओपॅस्किक्नसमध्ये तसं वळण दिसत नाही. प्रत्येक कोर दोन्ही टोकांना बंद. स्वतंत्र. मग पुढची गोष्ट, रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना कोरींची रुंदी बदलत जाते, आता एकच किडा चालता चालता जाडा होत जातो आणि परत बारीक होतो असं कसं होईल. आणि तिसरं म्हणजे काही नमुन्यांत रांग पुढे जाऊन फुटते, एकाच्या दोन होतात, झाडाच्या फांदीसारख्या. चरता चरता एका किड्याचे दोन किडे झाले?

म्हणजे ही वाट नाही. हे अंगच आहे. एकेक कप्पा वाढवत गेलेलं अंग.

हे असं सलग सांगताना सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात याला पाव शतक गेलं. मधल्या काळात श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावर, म्हणजे रशियाच्या वायव्येला, मिखाईल फेदोन्किन यांनी ढीगभर नमुने गोळा केले आणि त्यातल्या काहींना येलोविक्नस वगैरे नावं दिली, बघा परत तेच इक्नस, परत माग. तिथले ते कडे दरवर्षी ढासळतात आणि नवे दगड खाली येतात, आणि तिथल्याच एका ज्वालामुखीच्या राखेच्या थरातून झिरकॉन या खनिजाचे कण काढून २००० साली वय ठरवलं, ५५.५३ कोटी वर्षं. साधारण त्याच सुमारास लोकांच्या मनात शंका घट्ट व्हायला लागली. २००३ मध्ये सोरेन येन्सन यांनी केंब्रियनच्या आधीच्या मागांची यादी परत तपासायला घेतली आणि यांना मागांत धरणं बरोबर नाही असं मांडलं. याचा परिणाम फक्त एका जीवाश्मापुरता नव्हता, कारण पद्धतशीर ओळीत चरणारा किडा म्हणजे त्याला पुढे-मागे आहे, हालचालीवर ताबा आहे, पोट आहे, आणि असे किडे केंब्रियनच्या आधीच भरपूर होते असं जे चित्र रंगवलं होतं त्यातला बराच रंग एकदम उतरला.

मग नाव का नाही बदललं? नियम आहे. प्राण्यांना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नाव अर्थाला शोभत नाही एवढ्या कारणावरून ते रद्द करता येत नाही. बॅसिलोसॉरस माहितीये ना, नावाचा अर्थ राजा सरडा आणि निघाला व्हेल मासा. मासा पण नाही खरं तर, बघा आपल्या भाषेत पण तेच.

(पडद्यावर: चहाच्या टपरीवर एकात एक घातलेले कागदी कप)

आता जरा कप्पा म्हणजे काय ते नीट करून घेऊ, कारण इथे भलेभले घसरतात. एडिएकरनच्या शेवटी शेवटी क्लाउडिना नावाचा जीव होता, नामिबियात सापडला, १९७२ मध्ये जेरार्ड गर्म्स यांनी प्रेस्टन क्लाउड या भूवैज्ञानिकाच्या नावावरून त्याला नाव दिलं. उभा कापला तर आत पट्टे पट्टे दिसतात आणि वाटतं अरे हे पण कप्पेच. पण क्लाउडिनाची रचना या कपांसारखी, एकात एक घातलेली नरसाळी. पट्टे दिसतात ते नरसाळ्यांच्या कडांचे. कप्पा म्हणायचा तर सगळ्या बाजूंनी भिंत पाहिजे, एक खोली संपून दुसरी सुरू झाली पाहिजे. पॅलिओपॅस्किक्नसच्या एका प्रकारात, डेलिकॅटसमध्ये, या खोल्या लांबट आणि वाकड्या, त्याच आपण सुरुवातीला बघितलेल्या चंद्रकोरी. दुसरा प्रकार लिनिआरिस, त्यात त्या गोलसर, सुकत आलेल्या शेवग्याच्या शेंगेवर जसे फुगवटे दिसतात ना ओळीने, तशा.

वर्णन लिहिताना मग काय काय बघतात? कप्प्याची लांबी, रुंदी, दोन कप्प्यांतलं अंतर, रांग किती कप्प्यांनंतर फुटते, आणि ठसा थराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, उठलेला आहे की खोलगट. हे शेवटचं लोक विसरतात, आणि मग एकच जीव उलटा-सुलटा सापडला की त्याची दोन नावं होतात. एकाच नमुन्यावर नवीन जात उभी करायचा मोह तर फार वाईट, शंभरेक मोजा आणि मग बोला असं माझं मत.

आणि भिंत. भिंत बघायची तर दगड कापावा लागतो. कागदापेक्षा पातळ काप घेऊन काचेवर चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. अँटोन कोलेस्निकोव्ह आणि त्यांच्या टीमने २०१८ मध्ये लिनिआरिसवर काम केलं आणि निष्कर्ष असा की कप्प्यांच्या भिंती गाळातले कण वेचून, चिकटवून बांधलेल्या होत्या. म्हणजे सांगाडा आहे, पण स्वतःच्या अंगातून चुना काढून बनवलेला नाही, बाहेरचा माल आणून गवंडीकाम केलंय. कुंभारीण माशी जशी चिखल आणून आणून भिंतीवर घर बांधते तसं काहीसं, फक्त इथे घर म्हणजेच अंग.

असं गवंडीकाम आज कोण करतं? फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव, त्यांच्यातले काही वाळूचे कण चिकटवून कप्प्यांची घरं बांधतात. त्यांच्याच गोतावळ्यात खोल समुद्रातले झेनोफायोफोर येतात, जे एकपेशीय असून घरासकट वीतभर होऊ शकतात, हो, वीतभर. झायलाखर यांनी नंतर हाच अंदाज मांडला की हे कप्पेवाले जुने झेनोफायोफोर असतील. म्हणजे ज्यांच्या शब्दावरून चुकीचं नाव आलं त्यांनीच नंतर वेगळी दिशा दाखवली, हे मला भारी आवडतं. २०११ मध्ये अँटक्लिफ, गुडे आणि ब्रेझियर या तिघांनी तो अंदाज तपासला, कप्पे मोजून वाढीचे आलेख काढले, आणि झेनोफायोफोरशी काही ते जुळेना. मात्र माग नाही हे त्यांनाही पटलेलं होतं. आज बहुतेक लोक एकपेशीय जीवांच्या बाजूने झुकतात, पण कुठल्या घराण्यातला यावर भांडण चालूच आहे.

यांच्याहून कितीतरी जुनं म्हणजे हॉरोडिस्किया. साधारण दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा, अमेरिकेत माँटानाच्या खडकांत, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी रांग. १९८२ मध्ये रॉबर्ट हॉरोडिस्की यांनी छापलं तेव्हा शीर्षकातच त्यांनी थरावरच्या कोड्यात टाकणाऱ्या खुणा एवढंच म्हटलं, जीवाश्म म्हणायची घाई केली नाही. २००० साली त्याला रीतसर नाव मिळालं, ते त्यांचंच. घाई न करणाऱ्याचं पण नाव होतं कधीकधी.

(पडद्यावर: भीमबेटका, ऑडिटोरियम गुहेचं छत)

आपल्याकडे काय? सह्याद्रीतून दगडांचे फोटो पाठवू नका, हात जोडतो, तो सगळा लाव्हा आहे आणि तोही फक्त साडेसहा कोटी वर्षांचा, त्यात हे मिळणं शक्य नाही. चंद्रपूर-यवतमाळकडचे पैनगंगा गटाचे चुनखडक मात्र खरंच केंब्रियनच्या आधीचे आहेत. आणि वर विंध्य. भोपाळजवळ भीमबेटक्याच्या गुहेत छताला डिकिन्सोनिया हा एडिएकरन जीव सापडला असं २०२१ मध्ये छापून आलं, पेपरात बातम्या आल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टीमने जाऊन बघितलं तर ते आग्या मोहोळाचं उरलेलं मेण. कप्पे तिथेही होते म्हणायचं! आधीच्या टीमच्या प्रमुखांनी चूक कबूल केली, हे पण सांगायला पाहिजे.

चित्रकूटची गोष्ट उलटी. रफत आझमी यांनी १९९८ मध्ये विंध्य खडकांतून बारीक जीवाश्म दाखवले आणि ते केंब्रियनच्या आसपासचे म्हटले. प्रचंड वाद, अगदी खरेपणावरच शंका. २००९ मध्ये स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या टीमने दाखवलं की जीवाश्म अस्सल आहेत, फक्त वय चुकलंय, ते १६० कोटी वर्षांचे आहेत. मग २०१७ मध्ये त्यातल्याच एका धाग्यासारख्या नमुन्याचं वर्णन आलं, एक्स-रेने आत बघितलं तर आडव्या भिंतींनी वेगळ्या केलेल्या पेशींची रांग, बहुधा लाल शैवाल. जात नवी, नाव रफताझ्मिया.

(पडद्यावर: न्यूफाउंडलंड, बोनाविस्टा द्वीपकल्पाचा किनारा, लाटांचा आवाज वाढवत न्यायचा)

आणि हा शेवटचा किनारा कॅनडाचा. इथे खडकांत एका हिमयुगाचा थर आहे, गॅस्कियर्स नावाचं, ५८ कोटी वर्षांपूर्वीचं. न्यूफाउंडलंडचे प्रसिद्ध मोठे एडिएकरन जीवाश्म, ते पानांसारखे दिसणारे, त्या हिमयुगाच्या नंतरचे, त्यामुळे बर्फ वितळल्यावरच मोठे जीव आले असं सांगितलं जायचं. २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स लिऊ आणि बेंजामिन टिंडल यांनी हिमयुगाच्या आधीच्या खडकांतून याच कप्पेवाल्यांचे नमुने छापले. तिरका उजेड टाकला की दिसते तीच रांग, कप्पा, खाच, कप्पा, खाच. आणि लेबलवर आजही तेच लिहायचं, जुना चरण्याचा माग.