तळे काठावरून राखता येत नाही

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘सांडपाणी शुद्धीकरण आणि नागरिकांची देखरेख’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु तळ्यांसाठी झटणाऱ्या मंडळींमध्ये बरीच वर्षे वावरताना एक सल मनात साठत गेली आहे, ती आधी बोलून दाखवतो. तळे बिघडू लागले की आपण सारे काठावर जमतो. प्लास्टिक वेचतो, जलपर्णी ओढून काढतो, भोवती भिंत आणि मध्यभागी कारंजे मागून घेतो. या श्रमांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण सुटीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उतरणारी माणसे कोणत्याही गावाला सहजासहजी मिळत नाहीत. पण तळ्याचे आरोग्य काठावर ठरत नाही, ते तळ्यात येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी ठरते. नत्र आणि फॉस्फरस यांचा अखंड पुरवठा होतो म्हणून जलपर्णी माजते. ती काढली आणि नाला तसाच वाहू दिला, तर मोकळ्या झालेल्या पाण्यावर ऊन पडते आणि तेच खाद्य शेवाळाच्या वाट्याला जाते. काढलेली जलपर्णी काठावरच कुजत ठेवली, तर पहिल्या पावसात तिच्यातील बराचसा फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. भिंतीविषयी काय सांगावे? काठावरची लव्हाळी आणि पाणकणीस गाळ अडवतात, मुळांशी असंख्य जिवाणू पोसतात, आणि भिंत बांधताना सर्वांत आधी तीच उपटली जातात.

अशाच एका तळ्याच्या बैठकीत मी नाल्याचा विषय काढला, तेव्हा जबाबदार मंडळींकडून उत्तर मिळाले की ते पाणी प्रक्रिया करूनच सोडले जाते, तेव्हा काळजीचे कारण नाही. सभेचे समाधान झाले आणि चर्चा कारंज्याकडे वळली. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि हा अपुरेपणा समजण्यासाठी अमेरिकेतील सिअॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवराचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. तो थोडा सविस्तर सांगतो.

सिअॅटलने आपले मैलापाणी या सरोवरात सोडणे १९३० च्या दशकातच थांबवले होते. पुढे सरोवराभोवती नव्या वस्त्या वाढल्या आणि त्यांनी आपापली शुद्धीकरण केंद्रे बांधली. ती नावापुरती नव्हती. त्यांत जैविक प्रक्रिया होत होती, सेंद्रिय घाण कमी होत होती आणि बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होते. तरीही १९५५ साली सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हा तंतुमय सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखा वाढणारा जिवाणू, आढळला. वॉशिंग्टन विद्यापीठातील सरोवरशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी त्याचा अर्थ ताबडतोब ओळखला, कारण स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या सरोवराचा ऱ्हास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच जीवाच्या आगमनाने उघड झाला होता. सेंद्रिय घाण काढणारी प्रक्रिया विरघळलेला फॉस्फरस बहुतांशी तसाच सोडून देते. एक ग्रॅम फॉस्फरसच्या आधारावर साधारण १०० ग्रॅम कोरड्या वजनाचे शेवाळ उभे राहू शकते. म्हणजे केंद्रात जेवढी सेंद्रिय घाण काढली, तिची भरपाई तळे स्वतःच शेवाळ वाढवून करते, आणि ते शेवाळ मेल्यावर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जेम्स एलिस या वकिलाने सरोवराभोवतीच्या विखुरलेल्या नगरपालिकांसाठी एकच संस्था असावी, अशी मोहीम उभारली, आणि एडमंडसन यांनी लोकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे साध्या भाषेत लिहून दिली. मार्च १९५८ मध्ये मतदान झाले. शहरातून कौल मिळाला, पण शहराबाहेर प्रस्ताव पडला. त्या प्रस्तावात वाहतूक आणि नगरनियोजनही होते. हार न मानता मंडळींनी पसारा कमी केला, फक्त सांडपाण्याचा प्रश्न पुढे ठेवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मंजूर करून घेतला. लोकांनी यासाठी स्वतःवर आर्थिक भार घेतला, हे विसरू नये. १९६३ पासून एकेका केंद्राचे पाणी सरोवरातून वळवले गेले आणि १९६८ मध्ये ते काम पूर्ण झाले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोलवर दिसत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नजर तीन मीटरपर्यंत पोहोचू लागली आणि १९७६ नंतर डॅफ्निया हा शेवाळभक्षी सूक्ष्म जीव वाढल्यावर त्याच्याही बरीच पुढे गेली.

ही खोली मोजण्याचे साधन कोणते, असे आपल्यापैकी कुणीतरी नक्की विचारील. ती दोरीला बांधलेली २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्यापांढऱ्या चतकोरांची तबकडी असते. ती दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडायची आणि दोरी मोजायची. तिचे मूळ १८६५ मध्ये इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. सेक्की खगोलशास्त्रज्ञ होते. आयुष्यभर वर पाहणाऱ्या माणसाने खाली पाहण्याचे साधन द्यावे, याचा मला फार आनंद वाटतो. शाळकरी मुलांनाही ते वापरता येते.

फॉस्फरसविषयी ज्यांच्या मनात शंका उरली असेल, त्यांच्यासाठी कॅनडातील एक प्रयोग सांगतो. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान सरोवराच्या अरुंद भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा तसा झाला नाही. विमानातून घेतलेले ते छायाचित्र पाहिल्यावर वादाला फारशी जागा उरत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे, त्यामुळे मूळ विषय आता थोडक्यात मांडतो.

देखरेखीची सुरुवात नाल्यापासून करावी. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या गटारात कोरड्या ऋतूत प्रवाह दिसला, तर तो बहुधा सांडपाण्याचा असतो. तो सकाळी वाढत असेल आणि मध्यरात्रीनंतर ओसरत असेल, तर घरगुती सांडपाणी असल्याचा संशय बळावतो. वेळ, जागा, रंग, वास आणि फेस यांची तारीखवार नोंद ठेवावी. विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजावा, दुपारी नव्हे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. रात्रभर सगळेच जीव तो वापरतात, म्हणून मासे पहाटे मरतात.

शुद्धीकरण केंद्राकडे चार गोष्टी मागाव्यात: हवा देणाऱ्या यंत्रांचे चालू तास, विजेचा वापर, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे अहवाल, आणि बाहेर नेलेल्या गाळाची नोंद. शेवटच्या नोंदीवर माझा विशेष भर आहे. जिवाणू घाण खाऊन वाढतात, त्यामुळे चालत्या केंद्रात गाळ तयार होतोच. महिनोन्‌महिने गाळ बाहेर गेलाच नसेल, तर एकतर केंद्र नीट चालत नाही किंवा तो गाळ पाण्याबरोबर तळ्यात जातो आहे. अहवालात बीओडीबरोबर, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू लागेल त्या मापाबरोबर, एकूण फॉस्फरसचा आकडा आहे का, हेही पाहावे. तुरटी किंवा फेरिक क्लोराइड वापरून फॉस्फरस गाळात बसवता येतो, पण कुणी मागितल्याशिवाय तो खर्च सहसा केला जात नाही. लहान वस्त्यांना सेप्टिक टाकी, तिच्यापुढे कप्प्यांची अवायुजीवी (हवेशिवाय घाण कुजवणारी) टाकी आणि शेवटी वनस्पती लावलेला खडीचा थर अशी रचना परवडते. तिला वीज जवळजवळ लागत नाही. मात्र टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही, तर खडी तुंबते.

गाळाविषयी एक सांगितलेच पाहिजे. स्वीडनमधील ट्रुमेन सरोवरात येणारे सांडपाणी १९५० च्या दशकाअखेरीस थांबवले, तरी ते सुधारले नाही, कारण तळाशी साचलेला फॉस्फरस पाण्यात परत येत राहिला. १९७० आणि १९७१ मध्ये वरचा गाळ काढल्यावर फरक पडला. हा क्रम लक्षात ठेवून, गाळ काढण्याचा प्रस्ताव मंजूर करून घेण्याआधी नाल्यातले सांडपाणी थांबल्याची लेखी खात्री मागावी आणि एक संपूर्ण कोरडा ऋतू ती स्वतः जाऊन पडताळावी. सांडपाणी चालू असताना केलेल्या उपशाचा खर्च काही वर्षांतच पुन्हा करावा लागतो.