झाडूवाल्याची गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

कंट्री म्युझिकचा गायक म्हटलं की हॅट, गिटार आणि समोर टाळ्या वाजवणारी गर्दी डोळ्यांपुढे येते. पण या संगीताची खरी पेठ असलेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात गाणी लिहिणारा माणूस बहुधा मागच्या दारानं आत शिरतो. क्रिस क्रिस्टॉफरसन तर हातात झाडू घेऊन शिरला.

हा काही गरिबाघरचा मुलगा नव्हे. 1936 साली टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला जन्म, वडील हवाई दलात मेजर जनरल. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकला, मग सैन्यात हेलिकॉप्टर चालवलं, कॅप्टन झाला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची संधी चालून आली होती. 1965 मध्ये त्यानं तिच्यावर पाणी सोडलं आणि नॅशव्हिल गाठलं. घरच्यांनी नाव टाकलं. आपल्याकडच्या आईबापांनी तरी वेगळं काय केलं असतं?

नोकरी मिळाली ती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. फरशी पुसायची, रक्षापात्रं रिकामी करायची. 1966 मध्ये बॉब डिलन तिथं ध्वनिमुद्रण करत होता, तेव्हा ऑक्सफर्डचा हा पदवीधर त्याच इमारतीत कचरा उचलत होता. मोठ्या गायकांच्या गळ्यात आपली गाणी मारायला सफाई कामगाराला मज्जाव. मग कंट्रीचा बडा गायक जॉनी कॅश याच्यापर्यंत टेप पोचवायची तर ती त्याची सहगायिका जून कार्टर हिच्या हाती हळूच सरकवायची.

इथलं अर्थकारण जरा समजून घ्यायला हवं. नॅशव्हिलचा गीतकार बहुतेकदा एखाद्या संगीत प्रकाशकाशी करार करतो. प्रकाशक पुढच्या मानधनापोटी थोडीफार उचल देतो, गाण्याचा साधा नमुना रेकॉर्ड करून गायकांच्या आणि निर्मात्यांच्या दारी नेतो. कुणी ते गाणं घेतलं, तबकडी खपली, रेडिओवर वाजली, तर पैसे. नाहीतर वहीतलं वहीत. क्रिस्टॉफरसननं मधल्या काळात लुइझियानाजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरनं माणसांची ने-आण केली, आणि तिथल्या फलाटांवर बसून गाणी लिहिली.

एकदा तर तो हेलिकॉप्टर घेऊन थेट कॅशच्या अंगणात उतरला. कॅश ही गोष्ट रंगवून सांगायचा: एका हातात टेप, दुसऱ्यात बिअर! क्रिस्टॉफरसनचं म्हणणं, हेलिकॉप्टर उतरवलं हे खरं, पण कॅश त्या वेळी घरीच नव्हता. मला दुसरी हकीकत जास्त पटते. बिअर हातात धरून हेलिकॉप्टर चालवणं कठीणच असावं.

पण पुढे कॅशनं त्याच्या चिकाटीचं चीज केलं. 1970 मध्ये आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्यानं 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' गायलं. रविवारी सकाळी एकट्यानं जागा झालेला, रात्रीची न उतरलेला एक माणूस, एवढाच त्याचा विषय. वाहिनीला त्यातला नशेचा शब्द खटकत होता, बदला म्हणत होते. कॅशनं तो जसाच्या तसा गायला. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशननं त्या गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं.

आता तरी हा स्वतः गायला लागला असेल ना? त्याला विचाराल तर आपला आवाज बेडकासारखा आहे असं तो म्हणायचा. मॉन्युमेंट कंपनीच्या फ्रेड फॉस्टरनं तरीही 1970 मध्ये त्याची पहिली तबकडी काढली. ती पडली. तिच्यात 'मी अँड बॉबी मॅगी' हे गाणं होतं. 'बॉबी' हे नाव आणि कल्पना फॉस्टरनंच सुचवलेली. कंट्री गायक रॉजर मिलरनं ते आधीच, 1969 मध्ये, गायलं होतं. मग रॉक गायिका जॅनिस जॉपलिननं ते रेकॉर्ड केलं आणि थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर 1970 मध्ये, ती गेली. पुढच्या वर्षी तिचं ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

कंपनीनं मग क्रिस्टॉफरसनची तीच पडलेली तबकडी त्या गाण्याचं नाव देऊन पुन्हा बाजारात आणली. गाणी तीच, आवाजही तोच बेडकाचा. या वेळी खपली.

पुढे चित्रपट आले, 1985 मध्ये कॅश, विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्ज या कंट्री गायकांबरोबर 'हायवेमन' ही तबकडी आली. 2024 च्या सप्टेंबरात, 88व्या वर्षी तो गेला. तर आता आधी मिलरचं ध्वनिमुद्रण ऐकूया आणि लगेच जॉपलिनचं. तिच्या गाण्याचा शेवटचा मिनिट चुकवू नका.